कौन्सेलिंगच्या पहिल्या सेशनला येण्याआधी

नवीन कोणी आलं की पहिली पंधरा मिनिटं मी संमतीच्या फॉर्मवरच घालवते, बऱ्याच जणांना वाटतं सही करून टाकू आणि बोलायला लागू, पण प्लीज वाचा तो. तुम्ही खोलीत जे बोलता ते बाहेर जात नाही, घरच्यांनाही नाही, फी कोणीही भरत असो. एकदा एक काकू दाराशी पर्स घट्ट धरून उभ्या होत्या, "मॅडम, काय म्हणाली ती, एवढंच सांगा ना." जीव तुटतो हो, पण मुलगी सज्ञान आहे, नाही सांगता येत. फक्त कोणाच्या जिवाला धोका वाटला तर मी गप्प बसणार नाही, आणि लहान मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार कळवावंच लागतं.

सेशन ५० मिनिटांचं, उशिरा आलात तरी वेळेवरच संपतं कारण पुढचं माणूस बाहेर बसलेलं असतं. कॅन्सल करायचं तर २४ तास आधी, नाहीतर पूर्ण फी (ताप, अपघात असेल तर नाही घेत मी). गोळ्या लिहून देत नाही, त्यासाठी सायकियाट्रिस्ट.

रात्री व्हॉट्सॲपला माझं उत्तर येणार नाही. तेव्हा फारच असह्य झालं तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं, नंबर आत्ताच सेव्ह करून ठेवा.