किक द बकेट आणि आमच्या गल्लीतला नळ

इंग्रजी वाक्प्रचार पाठ करण्यात काही मजा नाही, मजा आहे त्यांचा खोटा इतिहास रचण्यात. भाच्याची दहावी आहे, तो रोज संध्याकाळी भुसावळला आमच्या ओट्यावर वही घेऊन बसतो आणि मी त्याला एकेक वाक्प्रचार मुळात खान्देशातलाच कसा आहे ते ठासून सांगतो, त्याची आई आतून ओरडते की पोराला बिघडवू नको, पण तुम्हाला सांगतो, अर्थ डोक्यात पक्का बसतो.

आणि थापा काय मी एकटाच मारतो? 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे मुसळधार पाऊस, याची गोष्ट तुम्ही पण वाचली असेल, की जुन्या काळी इंग्लंडात गवताची छपरं होती, त्यात कुत्री-मांजरं झोपायची आणि पाऊस आला की घसरून खाली पडायची. ही १९९९ च्या सुमाराला ईमेलवर फिरलेली लोणकढी थाप आहे, तरी लोक अजून शपथेवर सांगतात. आपल्याकडे हे होणंच शक्य नाही. आपली धाब्याची घरं, वर माती टाकून सपाट केलेली, कुत्रं घसरायला उतार तर पाहिजे! आणि तेवढा पाऊस तरी कुठे पडतो.

'किक द बकेट' मात्र शंभर टक्के आपला. आमच्या गल्लीत नळ कधी येईल ते ब्रह्मदेवाला पण माहीत नसतं, आला की रात्री तीनला कोणीतरी "नळ आला रे" ओरडतं आणि अख्खी गल्ली हंडे, कळश्या, रंगाचे रिकामे डबे घेऊन बाहेर. माणूस झोपला तरी चालेल पण बादलीचा नंबर लागलेला पाहिजे, म्हणून कोणी कडीला लाल चिंधी बांधून ठेवतं तर कोणी बुडाला ऑइलपेंटने नाव घालतं. तर माझा इतिहास असा, की एका भल्या माणसाने अंधारात पळता पळता रांगेतल्या पहिल्याच बादलीला लाथ मारली, सगळे नंबर इकडचे तिकडे झाले, आणि पुढे त्याचं काय झालं ते बायकांनी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. त्या दिवसापासून किक द बकेट म्हणजे गेला, खपला. आणि 'बकेट लिस्ट' म्हणजे कोणाच्या बादलीमागे कोणाची बादली ते तोंडपाठ असलेली समोरची काकू, मरायच्या आधी पॅराशूट घेऊन उडी मारायची वगैरे ही नंतरची फॅशन.

'पीस ऑफ केक' आपला नाही. सोप्या कामाला खाण्याचं नाव आपल्याकडे कोण देईल, पुरण भरलेला मांडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवून खापरावर टाकून दाखवा मग बोला.

'होल्ड युवर हॉर्सेस' सारंगखेड्याच्या यात्रेतला. दत्तजयंतीला तापीकाठी घोड्यांचा बाजार भरतो, तिथे एकाने दुसऱ्याच्या हातात लगाम दिला, "जरा धर भो, आलोच", आणि गेला जिलेबी खायला. संध्याकाळपर्यंत आला नाही. हा बिचारा घोडं धरून उभा, येणारा जाणारा दात बघतोय, भाव विचारतोय, याला विकता येईना की सोडता येईना. म्हणून अर्थ, थांबा. आणि 'गो बनानाज', म्हणजे डोकं फिरणं, हे तर रावेर-सावद्याच्या लोकांना समजवायलाच नको, निसवलेली केळीची बाग उभी आहे, बोर्डावर एक भाव, व्यापारी देतो दुसराच, आणि त्यात जून लागता लागता वादळ सुटतं आणि अर्ध्या तासात सगळी खोडं आडवी. इथे खरं म्हणजे हसायला येत नाही.

भाचा हुशार आहे. मोबाईल काढून म्हणतो, "मामा, किक द बकेट तर १७८५ च्या फ्रान्सिस ग्रोसच्या डिक्शनरीत आहे, आणि इंग्रजांनी खान्देश घेतला १८१८ ला. मग?" मी क्षणभर चूप. मग म्हटलं, अरे तापी कुठे जाते? सुरतेला. सुरतेत कंपनीची वखार कधीची? १६१३ ची. इंग्लंडच्या राजाचा वकील थॉमस रो १६१५ ला सुरतेहून तापीकाठच्या बुऱ्हाणपूरला मोगल शहजाद्याला भेटायला गेला, तो काय कानात बोळे घालून गेला? पुरात आपली झाडं वाहून जातात, गुरं वाहून जातात, शब्द जाणार नाहीत? त्याने मान हलवली पण वहीत काही लिहिलं नाही.

परवा त्यानेच एक रचला, 'बीट अराउंड द बुश', म्हणजे मुद्द्यावर न येता इकडचं तिकडचं बोलणं. शिकारीला निघालेले लोक पक्षी उठवायला झुडपं बडवायचे, तिथून तो आलाय हे त्याला माहीत होतं, तरी म्हणे नाही मामा, हा आपल्या भरीत पार्टीतला आहे. हिवाळ्यात शेतात सगळे जमतात, कोणी काट्याकुट्या पेटवून वांगी भाजतो, कोणी कांद्याची पात चिरतो, कोणी भाजलेली वांगी सोलता सोलता बोटं पोळून घेतो, आणि एक काका असतात ते काठी घेऊन कपाशीच्या पऱ्हाटीभोवती आपटत फिरतात, "साप असतो रे, बघून घेतो", आणि पहिली पंगत बसली की बरोब्बर पुढच्या पत्रावळीवर.

कोण काका ते लिहीत नाही, ते पण मोबाईल वापरतात.