डावा डोळा

चेहऱ्याचा लकवा झालेला पेशंट आला की मी पहिल्याच दिवशी त्याच्या हातात आरसा देते. व्यायाम आरशात बघूनच करायचा असतो. ज्यांना तो आरसा धरवत नाही, त्यांची भीती मला जास्त वाटते.

येवल्यात फिजिओथेरपी करते, त्यामुळे माझे निम्मे पेशंट विणकर. मागावर बसून आखडलेल्या माना आणि कंबरा यांचीच सवय. त्या बाई मात्र चेहरा घेऊन आल्या होत्या. वय चाळिशीच्या आसपास, वीस वर्षं पैठणी विणतात. डाव्या कपाळाला आठी पडत नव्हती, डोळा मिटत नव्हता, चहा ओठांच्या कोपऱ्यातून गळत होता. सोबत सासूबाई. त्यांचं ठाम मत, "रात्रीच्या एसटीत खिडकीशी बसली, वारं गेलं तोंडावरून." कुणीतरी कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं होतं आणि कबुतर आणूनही ठेवलं होतं. मी हात जोडून ते थांबवलं.

वाऱ्याचा यात काही दोष नसतो. चेहऱ्याची नस कानामागच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून बाहेर येते. ती सुजली की तिथेच चेपली जाते आणि तेवढी बाजू निपचित पडते. डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी स्टेरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या होत्या, हे फार चांगलं झालं होतं. पहिल्या बहात्तर तासांत त्या सुरू झाल्या तर बरं होण्याची शक्यता वाढते.

मला काळजी डोळ्याची होती. पापणी मिटत नाही म्हणजे बुबुळ कोरडं पडतं. दिवसभर थेंब घालायचे आणि रात्री पापणी बोटाने हलकेच खाली ओढून कागदी चिकटपट्टीने बंद करायची. हे मी सासूबाईंना तीनदा करून दाखवलं. "मागावर बसले की पाणी येतं मॅडम, जर कुठली न् रेशीम कुठलं तेच कळंना," असं त्या सांगत होत्या. पदरावरचा मोर अर्धवट राहिला होता.

पाचव्या दिवशी त्यांनी आरसा टेबलावर पालथा घातला.

"आरसा नको. घरातली पोरं म्हणत्यात, मंथरा आली."

सासूबाईंना हसू फुटलं आणि लगेच त्यांनी पदर तोंडाशी नेला. कमरेला शेक घेत असलेला माणूसही गप्प झाला. मला काय सुचलं कोण जाणे. पुढच्या पेशंटला थोडं थांबायला सांगितलं आणि स्टूल ओढून त्यांच्यासमोर बसले.

"ताई, ती मंथरा तुमच्या गावची होती, माहीत आहे?"

"आपल्या येवल्याची?" सासूबाईंनीच विचारलं. 1987 साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचं, तेव्हा त्यांच्या गल्लीत एकच टीव्ही होता आणि त्याला हार घातला जायचा. मंथरेला शिव्या घालणाऱ्यांत त्याही होत्या.

मंथरा झालेल्या ललिता पवार यांचा जन्म 1916 चा, येवल्यातलाच. माहेरचं नाव अंबा. वडील रेशमी आणि सुती कापडाचे व्यापारी. रेशीम म्हटल्यावर दोघी सावरून बसल्या. आमच्या गावात तात्या टोपे सगळ्यांना ठाऊक आहेत, 1935 ची बाबासाहेबांची घोषणा ठाऊक आहे आणि पैठणी तर आहेच. या बाईचं नाव मात्र कुणी घेत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मी सांगत गेले. त्या पडद्यावर आल्या तेव्हा सिनेमाला आवाज नव्हता. 1928 च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांनी लहानपणी काम केलं, पुढे मूकपटांत नायिका झाल्या. 1932 मध्ये 'कैलास' नावाचा मूकपट आला. त्यात कामही केलं आणि निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या! संवाद पाटीवर लिहून दाखवायचे. बाकी राग, लाज, कपट, माया, सगळं भुवयांनी, पापण्यांनी आणि ओठांनी सांगायचं. ज्या नसेच्या पाच फांद्या मी रोज पेशंटला चित्रात दाखवते, त्याच नसेवर या मुलीचं पोट होतं.

आणि तीच नस गेली. 1942 साली 'जंग-ए-आझादी'च्या चित्रीकरणात मास्टर भगवान यांनी त्यांना थप्पड मारायची होती. ती चुकून फार जोरात बसली. डाव्या डोळ्यातली रक्तवाहिनी फुटली, चेहऱ्याला लकवा झाला. उपचार तीन वर्षं चालले. डोळ्यातला दोष कायमचा राहिला आणि नायिकेच्या भूमिका संपल्या. वय तिशीच्या आतलं.

"मग?" ताईंनी पहिल्यांदा मान वर केली.

मग मी फोनवर 'अनाडी' लावला. त्या 1959 च्या सिनेमात ललिताबाई मिसेस डिसा झाल्या आहेत, राज कपूरला भाड्याने खोली देणारी म्हातारी. या भूमिकेसाठी त्यांना फिल्मफेअर मिळालं. लहानपणी या बाईचा डोळा बघून मी आईच्या मागे लपायचे. या धंद्यात आल्यावर तोच सिनेमा पुन्हा पाहिला तेव्हा जीव गलबलला. डावा डोळा उजव्यापेक्षा बारीक आहे, लगेच दिसतो. बाई तो लपवत नाही. दरडावते, हात नाचवते, आणि आतली माया चेहऱ्यावर पसरत जाते.

ताई फोन डोळ्यांजवळ धरून बघत राहिल्या. पैठणीत एक धागा चुकला तरी ज्यांना कळतो, ती नजर ती.

"खोटं खोटं रागावली ती," त्या म्हणाल्या.

"कशावरून?"

"असं केलं बघा." दाखवायला म्हणून त्यांनी स्वतःच्या भुवया वर केल्या. उजवी गेली, डावी गेली नाही. नीट जमलं का बघायला त्यांनी आपल्याच हाताने आरसा उलटा केला.

त्या दिवशी आम्ही वीस मिनिटं व्यायाम केला. डाव्या गालाला बोटांचा आधार द्यायचा आणि ओठाचा कोपरा अगदी थोडासा वर न्यायचा. जोर लावायचा नाही, फुगा फुगवायचा नाही, च्युइंगगम चघळायचं नाही. जोर केला की चांगली बाजूच सगळं ओढून नेते. शिवाय नस पुन्हा वाढताना रस्ता चुकली तर हसताना डोळा मिटायला लागतो.

ताईंचं दुखणं मारानं झालेलं नव्हतं, त्यामुळे आशा पुष्कळ होती. बहुतेकांचा चेहरा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत परत येतो. तरी मी त्यांना तारीख दिली नाही. तशी तारीख कुणालाच देऊ नये.

चौथ्या आठवड्यात त्या आरशासमोर बसल्या होत्या. मी दुसऱ्या पेशंटच्या खांद्याला मशीन लावत होते. इतक्यात सासूबाई ओरडल्या, "हाललं गं!"

मी धावले. ओठाचा डावा कोपरा तांदळाच्या दाण्याएवढा वर गेला होता. ताईंनी श्वास रोखून पुन्हा केलं, पुन्हा हललं. डोळ्यातून पाणी वाहत होतं आणि या वेळी ते दोन्ही डोळ्यांतून होतं.

"मॅडम," आरशावरची नजर न काढता त्या म्हणाल्या, "त्या बाईंचं माहेर कुठल्या गल्लीत होतं?"