एकच इसम

१ नोव्हेंबर, शनिवार. रात्री.

सकाळी सहालाच चन्नम्मा सर्कलच्या बाजूनं डीजेचा दणका सुरू झाला. एवढ्या लांबून स्वयंपाकघरातली भांडी थरथरत होती. आमच्या गल्लीत मात्र सामसूम. दुकानांची शटर्स खाली आणि दिवाळीचा न उतरवलेला आकाशकंदील एकटाच हलतोय. दरवर्षीचं आहे हे. १ नोव्हेंबरला बेळगावात एका चौकात कर्नाटकाचा राज्योत्सव असतो आणि दुसऱ्या चौकात, बेळगाव कर्नाटकात घातलं म्हणून, मराठी माणसांचा काळा दिवस. पोलिसांनी मध्ये बॅरिकेड लावलेली असतात. त्यांच्या अलीकडचे आम्ही.

बाबांचा काळा शर्ट मी कालच इस्त्री करून ठेवला होता. वर्षातून एक दिवस घालायचा शर्ट. तरी कॉलर विटलीय. संभाजी उद्यानापासून मराठा मंदिरापर्यंतची सायकल फेरी त्यांनी क्वचित चुकवली असेल. यंदा गुडघ्यांनी संप केला म्हणून दारात खुर्ची टाकून बसले, दंडाला काळी फीत बांधून. समोरून पोरं सायकली घेऊन गेली तेव्हा उठून उभे राहिले. एका पोरानं ओळखून हात केला, बाकीचे मोबाईलवर शूटिंग करत पुढं गेले. माझ्या लहानपणी ही रांग संपता संपायची नाही. आज चहा गाळून बाहेर आणेपर्यंत संपली होती.

मी काळं नेसले नव्हते. निळी साडी होती. बाबांनी बघितलं, बोलले नाहीत.

१२ नोव्हेंबर

आजोबांच्या नावावरची दोन एकर अजून तशीच पडलीय. वारसा लावायचा म्हणून आज कचेरीत गेले. अर्ज मराठीत लिहून नेला होता, सुवाच्य अक्षरात, शाळेत निबंध लिहावा तसा. खिडकीतल्या मुलानं तो उघडलासुद्धा नाही. वरची ओळ बघितली आणि हसून म्हणाला, "मॅडम, कन्नडदल्ली बरदु कोड्री." कन्नडात लिहून द्या. उद्धट नव्हता. उद्धट असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मी त्याच्याशी सगळं कन्नडातच बोलले, फाडफाड. बोलायला मला काहीच अडत नाही. लिहायची वेळ आली की मात्र मी पहिलीतली मुलगी होते.

मग बाहेर झाडाखाली बसणाऱ्या अर्ज लिहिणाऱ्याकडे. पन्नास रुपये. म्हाताऱ्यानं चष्मा सावरत विचारलं, मयताचं नाव? म्हटलं, ज्ञानोबा. त्यानं कन्नडात वळणदार 'ज्ञ' काढला. पहणी, म्हणजे जमिनीचा उतारा, बघितली तर तिथं 'द्यानोबा'. कुणीतरी कधीतरी कानाला ऐकू आलं तसं लिहून ठेवलेलं. आधार कार्ड तर आजोबांना नव्हतंच, पण जुन्या रेशनकार्डावर इंग्रजी डी-एन-वाय. म्हातारा म्हणाला, "ताई, हे तिघं आहेत." (हे त्यानं मराठीत सांगितलं, शुद्ध आमच्या गावच्या मराठीत.) आता शंभराच्या स्टँपपेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, की ज्ञानोबा, द्यानोबा आणि इंग्रजीतला तो, हे तिन्ही एकच इसम होत.

आजोबा सीमासत्याग्रहात हिंडलग्याच्या जेलात बसून आले होते. 'मी महाराष्ट्राचा' एवढं एकच वाक्य त्यांना सिद्ध करायचं होतं. ते राहिलं. आता ते एकच माणूस होते हे मी सिद्ध करायचंय, नोटरीसमोर.

घरी येऊन ट्रंक उपसली. मूळ खरेदीखत सापडलं, मुंबई सरकारच्या अमदानीतलं, कारण १९५६ पर्यंत बेळगाव मुंबई राज्यातच होतं. आनंदानं उघडलं. मोडी! एक अक्षर लागेना. शिरोरेघ तेवढी ओळखीची, बाकी कोंबडीचे पाय. बाबांनाही येत नाही. मराठीच्या खतासमोर दोन मराठी माणसं चष्मे बदलून बदलून बसली होती. बाबा शेवटी म्हणाले, "कोल्हापुरात कोणीतरी मिळेल वाचणारा." म्हणजे माझ्या आजोबांची मराठी वाचायला सीमा ओलांडायची, आणि त्यांचं कन्नड लिहायला झाडाखाली बसायचं.

हे लिहिताना हसू येतंय. कचेरीत आलं नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

पुण्याहून भावाचा फोन. "दादा, तू ये की, मग सहीचं बघूया," असं मी म्हटलं, तर मागून वहिनी हसली. 'की' वरून. वीस वर्षं झाली लग्नाला, अजून हसते. वाईट नाही ती.

कॉलेजची तीन वर्षं मी पुण्यात काढली. जाताना वाटलं होतं, आता आपण आपल्यांत चाललो. बाबांनी तर स्टेशनवर मला महाराष्ट्राच्या स्वाधीन केल्यासारखा चेहरा केला होता. हॉस्टेलवर पहिल्याच संध्याकाळी कुणीतरी दार वाजवलं आणि मी आतून ओरडले, "थांब, आलो आलो!" बाहेरच्या दोघी दार उघडल्यावर माझ्या पाठीमागं बघायला लागल्या. खोलीत मुलगा आहे असं वाटलं त्यांना.

आमच्याकडं बायका अशाच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी विसरलो. कोल्हापुरातही बोलतात. आणि 'पण'च्या जागी 'खरं'. "यायचं होतं, खरं पाऊस लागला." पुण्याच्या मुलींना यातलं खोटं काय आणि खरं काय ते कळेना. महिन्याभरात माझं नाव 'कानडी' पडलं. ज्या शब्दाविरुद्ध माझ्या घरातल्या दोन पिढ्यांनी काठ्या खाल्ल्या, तो मला टोपणनाव म्हणून मिळाला. प्रेमानं मिळाला, हेही लिहायला हवं. मग मी जीभ वळवून घेतली. 'आले', 'गेले', 'पण', 'नाही का'. तेव्हापासून लिहिताना मी 'गेले' लिहिते आणि गल्लीत 'गेलो' म्हणते. ही वही वाचणारा कुणी असेल तर त्याला माझं अर्धंच तोंड दिसतं.

पोराची गंमत वेगळीच. तो बंगळूरला नोकरीला. तिथं घरमालकानं विचारलं, तुम्ही महाराष्ट्रातले का? हा म्हणाला, नाही, बेळगावचा. मालक म्हणाला, मग कन्नड असं का बोलता, धारवाडकडचं? म्हणजे तिथल्या कन्नडातही आमचं कन्नड कडेचंच. खरं पोरगं हसत सांगतं सगळं. त्याला त्यात काही दुखत नाही. मला त्याचा हेवा वाटतो आणि थोडा रागही येतो. तो राग कुणाचा ते नीट कळत नाही.

१८ नोव्हेंबर

झोप नाही. म्हणून जे कुणाला सांगितलेलं नाही ते इथं लिहून ठेवते.

माझी पहिली राजकीय आठवण जून १९८६ ची. कन्नड सक्तीच्या विरोधातलं आंदोलन, गोळीबार, मग संचारबंदी. मी बारा वर्षांची. दूध नव्हतं म्हणून काळा चहा, आणि आई खिडकीची फट बोटभर उघडून बाहेर बघायची. महाराष्ट्रातले पुढारी वेश बदलून शहरात शिरले म्हणून आमच्या गल्लीत केवढा आनंद झाला होता! मलाही वाटायचं, वेश बदलून का होईना, कुणी आलं. बाबा म्हणायचे, आता फार तर दोन वर्षं. त्यांच्या लहानपणीही त्यांना कुणी असंच सांगितलं असणार. सेनापती बापट उपोषणाला बसले, १९६६ मध्ये सीमाप्रश्नासाठी महाजन आयोग नेमला गेला, पुढच्या वर्षी अहवाल आला, त्यात बेळगाव म्हैसूर राज्यातच राहिलं. आयोग आपणच मागून घेतला होता आणि अहवाल आपल्यालाच पटला नाही, हे बाबांसमोर बोलायचं नाही. २००४ ला महाराष्ट्रानं सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आता मतं देतात. अधूनमधून मुंबईहून पाहुणे येतात, निदान सीमेवरच्या शिनोळीपर्यंत तरी येतात, विठ्ठल कानडी की मराठी यावर एक गोड वाक्य टाकतात, महाराष्ट्र मागतो त्या ८६५ गावांचा आकडा न चुकता घेतात आणि रात्रीच्या जेवणाला कोल्हापूर गाठतात. इकडं २०१२ ला कर्नाटकाचं विधानसौध बांधून झालं. २०१४ ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. पाट्यांवर साठ टक्के कन्नड आलं. आमच्या बाजूला प्रतिज्ञा वाढल्या आणि त्यांच्या बाजूला सिमेंट.

२०१३ ला महाराष्ट्र एकीकरण समितीचे दोन आमदार होते. २०१८ ला एकही नाही. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. फुटीरांना शिव्या देत होते, आपल्याच लोकांनी घात केला म्हणत होते. मी ताट वाढून समोर उभी होते. घात करणाऱ्यांत माझंही एक मत होतं.

का दिलं? गटारीचं पाणी दारात येत होतं म्हणून. ज्याला दिलं तो ते काढेल असं वाटलं. त्यानंही काढलं नाही, ते वेगळं. खरं खोटं बोलणार नाही, कारण एवढंच नव्हतं. मला आता सीमा हलायला नको आहे. माझं घर, गल्ली, शनिवारचा बाजार उचलून दुसऱ्या राज्यात ठेवला तर तिथंही मी 'ती तिकडची'च असणार, हे पुण्यानं मला शिकवलंय. मला फक्त तो अर्ज मराठीत घ्यायला हवाय. पंधरा टक्क्यांच्या वर भाषिक अल्पसंख्य असतील तिथं कागद त्यांच्या भाषेत मिळावेत, असं कधीचं ठरलेलं आहे म्हणतात. तेवढंच द्या. एवढं साधं मागणं काळ्या शर्टवाल्यांच्या सभेत मांडलं तर मी फितूर, आणि त्या खिडकीत मांडलं तर मी फुटीरतावादी.

२३ नोव्हेंबर, रविवार

प्रतिज्ञापत्राचा कन्नड मसुदा झाडाखालच्या म्हाताऱ्यानं करून दिला. त्यात काय लिहिलंय ते मला कळायला नको? म्हणून शेजारच्या अक्कांकडं घेऊन गेले. अक्का लिंगायत, माहेर गोकाककडचं. भिंतीला भिंत लागून तीस वर्षं झाली. त्या माझ्याशी मराठी बोलतात, मी त्यांच्याशी कन्नड, आणि दोघीही एकमेकींच्या भाषेची हाडं मोडतो.

अक्कांनी मसुदा वाचला, एका जागी पेन्सिलीनं काना वाढवला. मग आत जाऊन एक पाकीट घेऊन आल्या. त्यांची धाकटी लेक महाराष्ट्रात, जत तालुक्यात दिलीय. तिकडं कन्नड बोलणारी गावं आहेत, पोरं कन्नड शाळेत जातात, पण कचेरीचं सगळं मराठीत. जावयाला विहिरीच्या कसल्याशा अनुदानाबद्दल नोटीस आलेली. लेकीनं आईला धाडली, शेजारीणबाई वाचून सांगेल म्हणून.

"तुमचा सरकार आमच्या पोरीला मराठीत कागद धाडतंय बघा," अक्का म्हणाल्या. "एन बरदारु नोड्री." काय लिहिलंय बघा.

तुमचा सरकार! माझं सरकार. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी महाराष्ट्र सरकार माझ्या नावावर केलं, आणि तेही तक्रार करायला. मला इतकं हसू आलं की अक्का घाबरल्या.

मग दोघींना डिसेंबर २०२२ आठवला. कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला होता, हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्राच्या गाड्या फोडल्या, तिकडं पुण्यात कर्नाटकच्या बसना काळं फासलं. दोन्हीकडच्या बस बंद. त्याच दिवशी अक्का लेकीच्या बाळंतपणाला जतला निघाल्या होत्या आणि मी भाच्याच्या मुंजीला पुण्याला. दोघींच्या पिशव्या भरून दारात, आणि स्टँडवरून परत आलेल्या आम्ही दोघी कट्ट्यावर. त्यांच्या पिशवीत कडक भाकरी, शेंगाचटणी, डिंकाचे लाडू. माझ्या पिशवीत कुंद्याचे दोन डबे. संध्याकाळपर्यंत बसची बातमी येते का बघत राहिलो. मग अंधार पडल्यावर अक्कांनी भाकरीचं फडकं सोडलं आणि मी कुंद्याचा डबा. लेकीचे लाडू मात्र त्यांनी उघडू दिले नाहीत.

नोटिशीत घाबरण्यासारखं काही नव्हतं. जावयाचं नाव उताऱ्यावर एक आणि अर्जात एक, तरी खुलासा करावा. मी अक्कांना म्हटलं, तुमच्या जावयालाही एकच इसम व्हावं लागणार. त्यांना 'इसम' कळेना. समजावून सांगता सांगता मलाही तो शब्द विचित्र वाटायला लागला.

खुलासा मराठीत मी लिहून देईन म्हणाले. आज रात्रीच लिहायचा होता. बाबा झोपलेत. काळा शर्ट धुऊन कपाटात ठेवला, डांबराच्या गोळ्या घातल्या.

भिंतीवर टकटक होतेय. अक्का असणार, नोटीस इथंच राहिली म्हणून. आलो, अक्का, आलो.