बारा आत की बाहेर?

मोंढ्यात सोयाबीन घेऊन जाणाऱ्याला गणितातली असमानता वेगळी शिकवावी लागत नाही. हमीभाव केंद्रावर मॉइश्चरची अट 12 टक्के. मीटरवर बरोब्बर 12 आलं तर माल घेतात, 12.1 आलं की वाळवून आणा. कागदावर हेच ओ ≤ 12 होतं; ओ म्हणजे ओलावा, आणि ≤ म्हणजे 'पेक्षा लहान किंवा तेवढंच'. संख्यारेषेवर 12 वर भरीव टिंब द्यायचं आणि तिथून डावीकडं शून्यापर्यंत गडद रेघ ओढायची. ओलावा काही उणे नसतो. बारालाही परत पाठवत असते तर भरीव टिंबाच्या जागी पोकळ वर्तुळ आलं असतं. 2024 च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारनं त्या हंगामापुरती मर्यादा 15 केली, तेव्हा टिंब तीन घरं उजवीकडं सरकलं.

गंमत म्हणजे < आणि > ही चिन्हं छापून आली 1631 मध्ये, थॉमस हॅरियट या इंग्रज गणितीच्या पुस्तकात, तेही तो गेल्यावर दहा वर्षांनी. 'किंवा तेवढंच' सांगणारी खालची रेघ पिअर बूगेर या फ्रेंच माणसानं 1734 साली वापरली. मधली शंभर वर्षं बारावाल्यानं काय करायचं!

माझा पुतण्या लातूरला अकरावीला आहे. सुट्टीत घरी आला तो एकच प्रश्न घेऊन, "काका, उणेनं भागलं की चिन्ह कामून उलटतंय?" दोन्ही बाजूंना उणे संख्येनं भागलं की ≥ चं ≤ होतं, हा नियम त्याला पाठ होता, पण पटलेला नव्हता. फवारणी चालूच होती, तेच गणित त्याला घातलं. टाकीत 200 लिटर पाणी, एका पंपाला 15 लिटर लागतं, आणि हातपाय, पंप धुवायला निदान 30 लिटर उरलं पाहिजे. पंप किती मारता येतील?

त्यानं मांडलं: 200 − 15प ≥ 30, म्हणून −15प ≥ −170. इथं अडला. म्हटलं, भागूच नको. 15प पलीकडं ने, 30 अलीकडं आण. 170 ≥ 15प. आता उणे कुठंच नाही, आणि उजवीकडून वाचलं तर प ≤ 11⅓. चिन्ह आपोआप फिरलं. 2 हा 5 पेक्षा लहान, पण −2 हा −5 पेक्षा मोठा; उणे केलं की संख्यारेषेवरचा क्रमच शून्याभोवती उलटा होतो. चिन्ह न फिरवता प ≥ 11⅓ धरलं असतं तर 12 पंप चालले असते. बारा पंपांना 180 लिटर जातं, उरतं 20. हात कशानं धुवायचे?

पोरगं लगेच 11⅓ वर भरीव टिंब देऊन डावीकडं रेघ मारायला लागलं. अरे, तिसरा हिस्सा पंप कोण मारतं? ओलावा 11.37 असू शकतो, तिथं सलग रेघ शोभते. पंप मोजून होतात, म्हणून इथं 0 पासून 11 पर्यंत सुटी बारा टिंबं, बस्स.

"परीक्षेत कोणतं काढू मग?"

प ही पूर्ण संख्या आहे असं प्रश्नात लिहिलंय का, ते आधी बघ म्हटलं. लिहिलं असेल, किंवा पंपासारखं मोजायचं काही असेल, तर टिंबं; नसेल तर रेघ.