माझा अनुभव: हिरवी यंत्रणा गेली तेव्हा

14,000 फूट ओलांडले आणि कॉकपिटमध्ये घंटी वाजली. एकदाच. समोरचा केशरी दिवा लागला आणि मधल्या पडद्यावर ओळ उमटली: हिरव्या हायड्रॉलिक यंत्रणेच्या टाकीत तेल कमी.

मी तेव्हा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक होते, प्रवासी विमानं उडवायला लागून तीन वर्षं झाली होती. तो सेक्टर कॅप्टनचा होता, म्हणजे विमान ते उडवत होते आणि वाचणं, बटणं, हिशेब माझ्याकडे. त्यांनी दिवा विझवला आणि एवढंच म्हणाले, "विमान माझ्याकडे, रेडिओ माझ्याकडे. तू वाच. सावकाश वाच."

त्या विमानात तीन हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर विमानाचे भाग हलवणाऱ्या, यंत्रणा असतात: हिरवी, निळी आणि पिवळी. प्रत्येकीची टाकी वेगळी, नळ्या वेगळ्या, 3,000 पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) दाबाचं तेल वेगळं. पंखांवरचे आणि शेपटीवरचे हलते भाग त्यांच्यात अशा बेतानं वाटलेले असतात की एक गेली तरी विमान हातात राहतं. एका नळीच्या मागे तिन्ही जाऊ नयेत यासाठी हा सगळा खटाटोप. तिन्ही जाणं म्हणजे काय ते 19 जुलै 1989 ला युनायटेडच्या 232 क्रमांकाच्या विमानावर दिसलं. शेपटीतल्या इंजिनाचा पंखा फुटला, त्याच्या तुकड्यांनी तिन्ही यंत्रणांच्या नळ्या कापल्या, आणि वैमानिकांनी उरलेल्या दोन इंजिनांची ताकद कमीजास्त करत ते विमान अमेरिकेतल्या सू सिटीच्या धावपट्टीपर्यंत आणलं. 112 माणसं गेली, 184 वाचली. आमची फक्त एकच निकामी होत होती. हे मला माहीत होतं, तरीही पोटात खड्डा पडायचा तो पडलाच.

यादीतली पहिली दोन कामं म्हणजे दोन बटणं. हिरवी आणि पिवळी एकमेकींना जोडणारं एक यंत्र असतं. एकीचा दाब पडला की ते दुसरीच्या जोरावर तिला पंप करू लागतं. एरवी हे वरदान, पण तेलच गळत असेल तर ते यंत्र कोरड्या यंत्रणेवर घरघरत राहतं आणि पिवळीला नाहक तापवतं. म्हणून आधी ते बंद करायचं, मग पहिल्या इंजिनावरचा हिरवा पंप. ही बटणं डोक्यावरच्या पॅनलवर अगदी शेजारी शेजारी, सारख्याच आकाराची. घाईत बोट एका खणानं सरकलं तर धडधाकट यंत्रणा आपल्याच हातानं जाईल. मी बोट बटणावर ठेवलं, त्यावरचं नाव मोठ्यानं वाचलं, श्वास सोडला आणि मगच दाबलं. दुसऱ्या बटणालाही तसंच. नंतर केबिनच्या सीनिअर सहकारीनं सांगितलं की मधल्या रांगांतले लोक विचारत होते, खाली कुत्रं भुंकल्यासारखं काय वाजतंय. ते यंत्र तसंच भुंकतं. माझं बोट दाबलं गेलं तेव्हा ते गप्प झालं.

कॅप्टनांनी "पॅन पॅन" हा तातडीचा इशारा तीनदा म्हणून एटीसीला, म्हणजे हवाई वाहतूक नियंत्रणाला, कळवलं आणि 7,000 फुटांवर गोल फेरी मागून घेतली. मग इंटरकॉमवर केबिनला चारच गोष्टी सांगितल्या: काय झालंय, आम्ही काय करणार, किती वेळ आहे, तुम्ही वेगळं काय करायचं. पलीकडून त्या सीनिअर सहकारीनं चारही गोष्टी तशाच्या तशा परत म्हणून दाखवल्या. तिचा आवाज इतका सपाट होता की मला आधार वाटला.

आता हिशेब. हिरवी गेल्यामुळे काय काय गेलं ते पडद्यावर खाली उतरत जातं, आणि ती यादी वाचताना उतरण्याचं चित्र एकेक रेघेनं बदलत जातं. चाकं नेहमीच्या खटक्यानं उतरणार नाहीत. मुख्य ब्रेक नाहीत, पिवळ्यावरचे पर्यायी ब्रेक आहेत, पण आपोआप लागणारे नाहीत. डाव्या इंजिनाचा रिव्हर्स, म्हणजे उतरल्यावर वेग कमी करणारा उलटा जोर, नाही. पंखांवर उभे राहून विमान मंदावणारे काही स्पॉयलर नाहीत. फ्लॅप, म्हणजे हळू उडताना पंखांतून बाहेर काढायच्या पट्ट्या, निघतील, पण हळू. जमिनीवर पुढचं चाक वळणार नाही. शिवाय आम्ही उतरण्याच्या कमाल वजनापेक्षा दीड टन जास्त होतो. या आकाराच्या विमानात इंधन हवेत सोडून देण्याची सोय नसते, ते जाळावंच लागतं. म्हणजे साधारण चाळीस मिनिटं.

वाट पाहणं हेच सगळ्यात अवघड असतं, असं माझं ठाम मत आहे. हात सारखे काहीतरी करायला शिवशिवतात. धूर किंवा आग असती तर ही चाळीस मिनिटं आमची नव्हतीच. 2 सप्टेंबर 1998 ला स्विसएअरच्या 111 क्रमांकाच्या विमानाच्या कॉकपिटमध्ये पहिला वास आला त्यापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत एकवीस मिनिटंच गेली. आमच्याकडे आग नव्हती, दोन्ही इंजिनं नीट होती. विमान उडत होतं.

पण फेऱ्या मारत राहण्याचाही एक धोका आहे. 28 डिसेंबर 1978 ला युनायटेड 173, एक डीसी-8 विमान, अमेरिकेतल्या पोर्टलंडवर आलं. चाकं उतरताना जोराचा हादरा बसला आणि ती नीट उतरल्याचा दिवा लागला नाही. कॅप्टन तासभर चाकांच्याच विचारात गुंतून आकाशात घिरट्या घालत राहिले. इंधन संपत आलंय हे फ्लाइट इंजिनिअरला आणि को-पायलटला दिसत होतं, ते बोललेही, पण आडून आडून. कॅप्टनांचा कान तिकडे वळेल इतक्या स्पष्टपणे कुणीच बोललं नाही. विमानतळ जवळ असताना इंजिनं एकेक करून बंद पडली. दहा जण गेले. आज कॉकपिटमध्ये आम्हाला एकमेकांशी बोलायचं जे प्रशिक्षण मिळतं, त्याच्या मुळाशी हा अपघात आहे. वर्गात मी तो शिकले होते. त्या दिवशी तो माझ्या मांडीवरच्या कागदावर होता, कारण कॅप्टनांनी पहिल्याच फेरीत सांगितलं, "दर दहा मिनिटांनी इंधन मोठ्यानं सांग. मी काहीही करत असलो तरी." मी सांगत गेले आणि लिहीत गेले. 7.8 टन. 7.4.

मग मी उतरायला लागणारं अंतर काढलं. आम्ही निघालो होतो तिथेच परतायचं कॅप्टनांच्या मनात होतं, आणि ते साहजिक होतं. ओळखीची जागा, इंजिनिअर तिथेच. पण मधल्या काळात तिथे सर आली होती, धावपट्टी ओली झाली होती. 2,300 मीटरची धावपट्टी, आणि 15 टक्के राखीव धरून माझा आकडा आला 2,150. कागदावर बसत होतं. कॅप्टन म्हणाले, "बसतंय ना? मग झालं."

मी गप्प बसले असते तर कुणी मला दोष दिला नसता. आकडा बसत होता, अनुभव त्यांचा दुपटीपेक्षा जास्त होता. पण माझ्या डोक्यात घोळत होतं ते वेगळंच. एकदा चाकं हातानं उतरवली की ती परत वर घेता येत नाहीत. त्यांची दारंही उघडीच राहतात. त्या अवस्थेत उतरणं जमलं नाही आणि पुन्हा वर जावं लागलं, तर विमानाला हवेचा एवढा अडथळा होईल की दुसरीकडे जायला इंधन भराभर जळेल. म्हणजे चाकं उतरवण्याआधीच जागा ठरवायची होती, नंतर नाही.

घशाला कोरड पडली होती. मी म्हटलं, "सर, मला हे पटत नाहीये. दीडशे मीटर उरतात, तेही ओल्यावर. वीस मिनिटांवर 3,200 मीटरची कोरडी धावपट्टी आहे. आपण तिकडे जाऊ या."

दोनेक सेकंद ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आकडा मला पुन्हा वाचून दाखव." मी दोन्ही आकडे वाचले. त्यांनी मान डोलावली आणि एटीसीला नवा विमानतळ मागितला. प्रवाशांना त्यांनी स्वतः सांगितलं, साध्या शब्दांत, की एक यंत्रणा बंद आहे, दोन चालू आहेत, आपण लांब धावपट्टीवर उतरतोय आणि खाली अग्निशमनाच्या गाड्या दिसतील.

6.6 टन. वजन मर्यादेत आलं होतं. फ्लॅप लवकर मागितले, कारण ते एरवीपेक्षा खूप सावकाश सरकत होते. मग वेग 200 नॉटच्या खाली आणला आणि मी दोघांच्या मधल्या पॅनलच्या मागच्या टोकाची दुमडलेली मूठ बाहेर काढली. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं तीन फेऱ्या फिरवायची असते. सिम्युलेटरमध्ये फिरवलेली, पण खरी जास्त जड लागली. पहिल्या फेरीत फक्त दाटपणा. पुढे पोटाखालून वाऱ्याचा मोठा घोंघाट आत शिरला, दारं उघडली होती. तिसरी फेरी संपता संपता एक धप्प, मग दुसरा. चाकं आपल्याच वजनानं खाली पडली. मी खटका खाली केला. पुढचा दिवा हिरवा. उजवा हिरवा. डावा लागत नव्हता. मी मूठ सोडली नाही, टोकापर्यंत दाबून धरली. तीन-चार सेकंद गेले असतील. मग तोही लागला आणि आम्ही दोघांनी एकदमच "तीन हिरवे" म्हटलं.

उतरणं कॅप्टनांनी इतकं नेटकं केलं की त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. फक्त उजव्या इंजिनाचा रिव्हर्स लागला तसं नाक उजवीकडे ओढलं जात होतं आणि त्यांचा पाय रडरवर, म्हणजे शेपटीच्या सुकाणूवर, ते सावरत होता. ब्रेक त्यांनी पायानं, एकसारखे दाबले. विमान थांबलं तेव्हा समोर बरीच धावपट्टी शिल्लक होती. पुढचं चाक वळत नसल्यामुळे तिथेच उभे राहिलो, इंजिनिअरांनी चाकांना पिना लावल्या आणि ट्रॅक्टरनं ओढून नेलं.

खाली उतरल्यावर मी डाव्या चाकाच्या खोबणीत वाकून पाहिलं. हे तेल जांभळं असतं, आणि कातडीला लागलं तर चांगलंच झोंबतं, म्हणून इंजिनिअरनं मला हात लावू दिला नाही. आतल्या भिंतीवरून जांभळ्या ओघळांची जाळी उतरली होती. त्यानं टॉर्चचा झोत एका नळीच्या वळणावर धरला. केसाएवढी चीर होती. कॅप्टन माझ्या मागे उभे राहून तीच पाहत होते. ते म्हणाले, "तिकडे ओल्यात मी उतरवलं असतं बहुतेक. पण बहुतेकच."

नऊ दिवसांनी मला तेच विमान पुन्हा मिळालं. उड्डाणाआधीच्या फेरीत मी डाव्या चाकापाशी थांबले. जुन्या, काळवंडलेल्या नळ्यांमध्ये एकच नवी नळी लखलखत होती. हातमोजा घालून मी तिच्या वळणावरून बोट फिरवलं. कोरडी होती.