अण्णांच्या वाटीतले वरण

आज अण्णांना घेऊन लातूरला मूत्रपिंडाच्या तपासणीसाठी गेलो होतो. डायलिसिसची वेळ अजून आलेली नाही. मात्र आहारतज्ज्ञ ताईंनी दिवसाची प्रथिने वजनाच्या किलोमागे ०.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोंच्या अण्णांसाठी ३६ ग्रॅम, इतकीच ठेवायला सांगितली, कारण प्रथिनांपासून तयार होणारा युरिया बाहेर टाकण्याचा भार थकलेल्या मूत्रपिंडांवरच पडतो. घरी आल्यावर आईने काट्यावर ३० ग्रॅम तूरडाळ तोलली, तेव्हा मूठही भरली नाही, आणि तेवढ्यातच जवळपास ७ ग्रॅम प्रथिने गेली. ज्वारीच्या भाकरीतलीही मोजायची असतात, हे तर आमच्या कधी ध्यानातच आले नव्हते. शेंगदाण्याची चटणी ताटातून गेली, याचे अण्णांना फार वाईट वाटले. मला काळजी वेगळीच आहे. डाळीबरोबर एकूण जेवणच घटले, तर शरीर स्वतःचे स्नायू झिजवू लागते, म्हणून भात, साबुदाणा, तेल यांतून पुरेशी ऊर्जा मिळालीच पाहिजे. डायलिसिस सुरू झाल्यावर तर प्रथिने उलट वाढवावी लागतात. त्यामुळे दुसऱ्या रुग्णाचा तक्ता पाहून कोणीही आपले पथ्य ठरवू नये, ही कळकळीची विनंती. रात्री अण्णांनी ते पातळ वरण भाकरीवर ओतून घेतले आणि वाटी बोटाने निपटून ठेवली.