सात रात्री, दोनच मुक्काम: दमलेल्या दोघांसाठी रेल्वेने स्वित्झर्लंड

सहाला उठा, सातला नाश्ता, आठला बसमध्ये, हा ग्रुप टूरचा शिरस्ता पुण्यात घरोघरी माहीत आहे. वर्षभर ऑफिस, घर आणि आईवडिलांचं पथ्यपाणी सांभाळून दमलेल्या नवराबायकोने स्वतःहून तसाच कार्यक्रम आखू नये, यासाठी हे लिहितो आहे. स्वित्झर्लंडमध्ये रेल्वेत बसून माणूस दमत नाही. दमतो तो हॉटेलं बदलून, बॅगा चढवून-उतरवून आणि रोज सकाळी नवं वेळापत्रक वाचून. म्हणून सात रात्री असतील तर मुक्काम दोनच: तीन रात्री ल्युसर्न, चार रात्री इंटरलाकेन. झरमॅट, जिनिव्हा, सेंट मॉरिट्झ या वेळी सोडून द्या.

हॉटेल निवडताना तारे पाहू नका, स्टेशनपासूनचं अंतर पाहा. सपाट रस्त्याने पाच मिनिटांत पोचता आलं पाहिजे. नकाशात ३०० मीटर दिसणारं हॉटेल चढावर असेल तर रोज संध्याकाळी ते जाणवतं. इंटरलाकेनला दोन स्टेशनं आहेत, वेस्ट आणि ओस्ट. डोंगराकडच्या गाड्या ओस्टहून सुटतात, तेव्हा मुक्काम ओस्टजवळ. डोंगरातली दोन गावं, लाउटरब्रुनेन तिथून २० मिनिटांवर आहे, ग्रिंडेलवाल्ड साधारण ३५.

मुंबईहून झुरिकला थेट विमान आहे. पण त्याआधी एक्स्प्रेसवे, मग मध्यरात्रीचं विमानतळ, म्हणजे पुणेकराची ती रात्र गेलेलीच असते. शिवाय उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक. त्यामुळे पहिल्या दिवशी काहीही 'पाहायचं' ठेवू नका. झुरिक विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे आणि तिथून ल्युसर्नला थेट गाडी मिळते, तासाभराहून थोडा जास्त वेळ लागतो. झुरिकच्या मुख्य स्टेशनात उतरून गाडी बदलायचा पर्याय रेल्वेच्या ॲपने दाखवला तरी थेट गाडीसाठी अर्धा तास थांबलेलं बरं. त्या स्टेशनात जमिनीखालीही फलाट आहेत (३१ ते ३४ आणि ४१ ते ४४), आणि एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला बॅगा ओढत जाणं झोप न झालेल्या माणसाचं काम नाही.

ल्युसर्नला सकाळी पोचलात तर खोली दुपारी दोन-तीनशिवाय मिळणार नाही. सामान स्टेशनातल्या लॉकरमध्ये टाका आणि बाहेर या. बोटीचा धक्का स्टेशनच्या समोरच आहे. तासभर बोटीत बसा, परत या, खोली घ्या, झोपा. पहिला दिवस इतकाच.

आता पास. दमलेल्या जोडप्याची सर्वांत मोठी चूक इथे होते. स्विस ट्रॅव्हल पास ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा असतो. गाड्या, बस, बोटी आणि शहरातल्या ट्राम त्यात येतात. सोय उत्तम आहे, पण पैसे भरले की 'वसूल' करायची वृत्ती जागी होते आणि विश्रांतीच्या दिवशीही माणूस गाडीत जाऊन बसतो. शिवाय युंगफ्राउयोख या उंच बर्फाळ खिंडीला जाताना या पासवर ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेन या गावांपर्यंतच फुकट जाता येतं, तिथून पुढे सवलत फक्त २५ टक्के. हाफ फेअर कार्ड महिनाभर चालतं आणि युंगफ्राउयोखसकट जवळजवळ सगळीकडे निम्मं भाडं लागतं. एक दिवस फिरून एक दिवस बसायचं असेल तर आधी हाफ फेअर कार्डाचा हिशोब मांडा: जे प्रवास नक्की करणार त्यांची पूर्ण भाडी लिहा, निम्मी करा, कार्डाची किंमत मिळवा आणि मग पासशी ताडून पाहा. तरीही पासच हवा असेल तर फ्लेक्स प्रकार घ्या, त्यात महिनाभरातले दिवस आपण निवडतो. गाडीत तपासनीस येतो तेव्हा पास किंवा कार्डासोबत पासपोर्ट लागतो, तो हॉटेलच्या तिजोरीत ठेवून निघू नका. फलाटावर जायला सहसा फाटक नसतं, त्यामुळे तिकीट न काढता चढायची चूक सहज होते, आणि दंड बराच असतो.

दुसरी भीती गाडी चुकायची. ॲप सहा-सात मिनिटांत गाडी बदलायला सांगतं आणि पुणे स्टेशनची सवय असलेल्या आपल्या पोटात गोळा येतो. तिथे १९८२ पासून तालबद्ध वेळापत्रक आहे. म्हणजे तीच गाडी दर तासाला, बऱ्याच ठिकाणी दर अर्ध्या तासाला, त्याच मिनिटाला सुटते, आणि मोठ्या स्टेशनांवर गाड्या एकाच सुमारास येऊन एकमेकींना जोड देतात. म्हणून सहा मिनिटं पुरतात, आणि नाही पुरली तर आरक्षण नसलेल्या साध्या तिकिटावर पुढची गाडी चालते. धावू नका. गुडघा मुरगळला तर पुढचे पाच दिवस जातात.

फलाटाचे ए, बी, सी, डी असे भाग केलेले असतात आणि कोणता डबा कुठे येणार ते फलकावर दिसतं. हे वाचायची सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या, कारण पुढे तिचं काम पडतं: इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्युचिनेनला दुभंगते, एक भाग लाउटरब्रुनेनला जातो, दुसरा ग्रिंडेलवाल्डला. डब्यावरची पाटी न वाचता बसलेली माणसं रोज चुकीच्या दरीत पोचतात. दार आपोआप उघडेल म्हणून थांबू नका, बटण दाबावं लागतं.

सामानाबद्दल मी हट्टी आहे. हमाल मिळत नाही, तेव्हा २३ किलोची मोठी बॅग नको. प्रत्येकी केबिनच्या मापाची एक बॅग, दहा-बारा किलोची, एका हाताने पायरीवर चढवता येईल अशी. पाठीला पाठ लावलेल्या दोन बाकांमध्ये त्रिकोणी पोकळी असते, ही बॅग तिथे बसते आणि डोळ्यांसमोर राहते. पिनबद्दलही एक: आपली जाड गोल तीन पिनांची तिथल्या सॉकेटमध्ये जात नाही, मोबाईल चार्जरची बारीक दोन पिनांची जाते. किटली न्यायची असेल तर अडॅप्टर घ्या. खाऊत ठेपले, चिवडा, मेतकूट चालेल. दूध आणि मांसाचे पदार्थ युरोपबाहेरून न्यायला बंदी आहे, म्हणून पेढे, बर्फी, तूप घरीच ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली चालू असतात. दही, पाव, फळं शनिवारीच आणून ठेवा. स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, गाडीतलं फुकट.

ल्युसर्नहून एक डोंगर करायचा तर रिगी. तासाभराची बोट फिट्झनाउला लावते आणि धक्क्यापासून चार पावलांवर दातेरी रेल्वे उभी असते. रुळांच्या मधोमध दातेरी पट्टी आणि गाडीखाली त्यात अडकणारं चाक, म्हणून ती असा चढ चढते. ही रेल्वे १८७१ ची, युरोपातली पहिली डोंगरी दातेरी रेल्वे. अर्ध्या तासात १,७९८ मीटरवर रिगी कुल्म. उतरताना वाटेतल्या काल्टबाद स्टेशनहून केबलकारने तलावाकाठच्या वेगिसला जावं असं सगळे सुचवतात, पण वेगिसच्या केबलकारपासून धक्क्यापर्यंत बराच उतार चालावा लागतो. गुडघे कुरकुरत असतील तर आलात तसे फिट्झनाउहूनच परत जा. स्विस ट्रॅव्हल पासमध्ये रिगी पूर्ण येते.

ल्युसर्न ते इंटरलाकेन हा जवळजवळ दोन तासांचा प्रवास हेच त्या दिवसाचं पर्यटन समजा. निघताना उजवीकडे बसा. आधी झारनेनचा तलाव, मग लुंगेर्नचा, मग ब्रुनिगचा घाट. मायरिंगेनला गाडीची दिशा उलटते. लोक गडबडून जागा बदलतात, तुम्ही बदलू नका: उलटं बसून जाल, पण ब्रिएन्झचं निळं-हिरवं पाणी तुमच्याच खिडकीत येतं.

युंगफ्राउयोख ३,४५४ मीटरवर आहे, तिथली रेल्वे १९१२ पासून चालते. तिकीट पुण्यातून काढून ठेवू नका. त्या दिवशी सकाळी वरच्या कॅमेऱ्याचं थेट चित्र पाहा, स्वच्छ असेल तरच काढा. उन्हाळ्यात दुपारनंतर ढग चढतात, म्हणून शक्य तितकं लवकर निघा. ग्रिंडेलवाल्डहून आयगर एक्स्प्रेस ही केबलकार १५ मिनिटांत आयगरग्लेचरला नेते, तिथून बोगद्यातली गाडी. वेळ वाचतो, पण शरीराला जुळवून घ्यायला सवड मिळत नाही. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोनतृतीयांशच असतो. डोकं जड होणं, दोन जिन्यांत धाप लागणं हे तिथे होतंच. हळू चाला, पाणी प्या, दीड-दोन तासांत उतरा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना उंचीचा आकडा सांगून विचारा. उतरताना मात्र केबलकार नको. क्लाइने शाइडेगवरून वेंगेनमार्गे दातेरी गाडीने लाउटरब्रुनेनला या. दरी हळूहळू उघडत जाते आणि खाली जवळजवळ ३०० मीटरचा श्टाउबबाख धबधबा दिसतो.

दुसऱ्या दिवशी डोंगर नाही. उशिरा उठा, इंटरलाकेन ओस्टमागच्या धक्क्यावरून ब्रिएन्झची बोट पकडा. सव्वा तास फक्त पाणी. परत गाडीने. हिवाळ्यात ही बोट नसते, तेव्हा लाउटरब्रुनेनहून केबलकारने ग्रुट्शआल्प आणि तिथून कड्याच्या काठाने जाणारी छोटी गाडी म्युरेनला. चालणं जवळजवळ शून्य आणि समोर आयगर, म्योंख, युंगफ्राउ ही तीन शिखरं. मला विचाराल तर हा अर्धा दिवस वरच्या बर्फापेक्षा सरस.

झरमॅट ते सेंट मॉरिट्झ जाणारी ग्लेशियर एक्स्प्रेस सुमारे आठ तासांची, आरक्षण सक्तीचं. या सहलीत बसवू नका.

परतीला इंटरलाकेनहून झुरिक विमानतळ साधारण सव्वादोन ते अडीच तास, बहुधा बर्नला एकदा गाडी बदलून. विमान सकाळचं असेल तर शेवटची रात्र विमानतळाजवळ काढा, दुपारचं असेल तर गरज नाही. इंटरलाकेनहून निघताना पुन्हा उजवीकडेच बसा, थुनपर्यंत तलाव सोबत असतो.